जुन्या बंदुकीची साक्ष

खंडेनवमी जवळ आली की जुन्या घरांतली शस्त्रं भिंतीवरून, माळ्यावरून, ट्रंकेतून खाली उतरतात. तलवार, कट्यार, कुठे संगीन, एखाद्या घरी पणजोबांच्या नावावरून पुढे आलेली परवान्याची बंदूक. पूजेच्या आदल्या दिवशी ही शस्त्रं घासली जातात. पितळेला चिंच किंवा पितांबरी, लोखंडाला राख नाहीतर पॉलिश पेपर, वरून खोबरेलाचा हात. मग हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं. या सगळ्यामागचा आदर खरा आहे, म्हणूनच त्यातून होणारं नुकसान कुणी बोलून दाखवत नाही. पण ते बोलायला हवं. जुन्या शस्त्राची आज जी अवस्था दिसते तोच त्याचा इतिहास असतो. ते घासून लख्ख केलं की त्या इतिहासाचा एक थर लोखंडाबरोबर निघून जातो आणि पुन्हा कधीही परत येत नाही. शस्त्र राखायचं असेल तर काम शस्त्रावर कमी आणि त्याच्या भोवतालच्या हवेवर जास्त करावं लागतं. पालघर जिल्ह्यातल्या कुंभवली, बोईसर, तारापूर या पट्ट्याला तर हे इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा अधिक लागू आहे, कारण इथे एका अंगाला समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला कारखान्यांची वसाहत. हे नीट समजून घ्यायला लिव्हरवर चालणारी जुनी रायफल हे उत्तम उदाहरण ठरतं. तिच्यात लोखंड, पोलाद, काही नमुन्यांत पितळ, अक्रोडाचं लाकूड, स्प्रिंगा आणि दारूच्या धुराचे क्षार असं सगळं एकाच वस्तूत एकत्र आलेलं असतं आणि यातल्या प्रत्येकाचं म्हातारपण वेगळं असतं.

या रायफलीची ओळख तिच्या पोटाखालच्या दांडीवरून पटते. बहुतेकदा चाप ज्या कडीत असतो तीच कडी मागे लांबवून तिची तरफ केलेली असते. अमेरिकेत १८६० साली बेंजामिन टायलर हेन्री यांनी बनवलेल्या रायफलीत नळीखालच्या लांब नळकांड्यात १६ काडतुसं एकामागे एक बसत. दांडी खाली-पुढे ढकलली की आतला बोल्ट मागे सरके, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाई, घोडा चढे आणि पुढचं काडतूस वर उचललं जाई. दांडी परत ओढली की ते नळीच्या तोंडात बसे. याच आराखड्यावर ऑलिव्हर विंचेस्टर यांच्या कंपनीने पितळी सांगाड्याची १८६६ ची आणि मग सर्वांत प्रसिद्ध अशी १८७३ ची रायफल काढली. पहिल्या प्रकारची दांडी ही अशी, एकामागून एक गोळ्या झाडणारी. दुसऱ्या प्रकारात काडतुसांची कोठीच नाही. दांडी खाली केली की नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा खाली झुकतो, काडतूस हाताने एकेक घालायचं आणि दांडी वर करून तोंड बंद करायचं. अमेरिकेच्या हेन्री पीबडी यांची ही कल्पना स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या फ्रीड्रिख फॉन मार्टिनी यांनी सुधारली, तिला एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांची आटे पाडलेली नळी जोडली गेली आणि १८७१ साली ब्रिटिश सैन्याने ती मार्टिनी-हेन्री या नावाने स्वीकारली. काटेकोर बोलणारे पहिल्या प्रकारालाच 'लिव्हर अ‍ॅक्शन' म्हणतात. पण दोन्हींचं काम तरफेवर चालतं आणि दोन्हींचं म्हातारपणही सारखंच असतं. १८७७ साली रशियाविरुद्धच्या युद्धात प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्की सैन्याने या दोन्ही जाती एकत्र वापरल्या होत्या: लांबच्या शत्रूसाठी पीबडी-मार्टिनी आणि अंगावर आलेल्यासाठी विंचेस्टर.

आपल्या देशाच्या इतिहासात यातली मार्टिनी-हेन्री अधिक खोल उतरली आहे. १८५७ नंतर ब्रिटिशांनी एक धोरण कसोशीने पाळलं: हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायाच्या हत्यारापेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली, तेव्हा गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होती आणि तिच्या शेजारी लढणाऱ्या मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या पलटणींकडे जुनी स्नायडर. गोऱ्या सैन्याला १८८८ पासून नवी ली-मेटफर्ड मिळू लागली आणि मार्टिनी हिंदी पलटणींकडे उतरली. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीच्या चौकीवर ३६ व्या शीख पलटणीचे २१ शिपाई शेवटपर्यंत लढले, ते हीच रायफल घेऊन. सैन्यातून निघाल्यावरही अशा बंदुका एकदम नाहीशा झाल्या नाहीत. काही पोलिसांकडे गेल्या, काही संस्थानांच्या शिलेखान्यांत, काही शिकारीच्या शौकिनांकडे. म्हणून आज एखाद्या संग्रहात किंवा जुन्या घरात लिव्हरची रायफल दिसली, तर पहिला प्रश्न 'किती जुनी' हा नसतो. ती कुणाकुणाच्या हातून गेली, हा खरा प्रश्न असतो. आणि त्याचं उत्तर बंदुकीच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

ते लिखाण जवळून पाहू. खऱ्या मार्टिनी-हेन्रीच्या सांगाड्याच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली व्हिक्टोरिया राणीची 'व्ही. आर.' ही अक्षरं, मग एनफिल्डसारखं कारखान्याचं नाव, बनवल्याचं साल आणि नमुन्याचा रोमन आकडा असतो. सरकारी मालाची खूण म्हणून रुंद पात्याचा बाण ठोकलेला असतो. बाणाबरोबर 'आय' हे अक्षर असेल तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची होती, आणि दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ती सरकारी साठ्यातून विकून टाकलेली होती. दस्त्यावर कारखान्याचा गोल शिक्का, कधी पलटणीचा क्रमांक. सरहद्दीवरच्या कारागिरांनी खैबर भागात घरच्या भट्टीवर हुबेहूब नकला केल्या, त्या ओळखू येतात त्याही या खुणांवरूनच: इंग्रजी 'एन' उलटा पडलेला, अक्षरं वाकडी, किंवा 'व्ही. आर.' च्या खाली १९०१ नंतरचं साल, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतरचं. यातली बरीचशी अक्षरं मिलिमीटरच्या अंशाइतकीच खोल असतात. पॉलिश पेपरचे चार हात, बफिंग मशीनवरची दोन मिनिटं, आणि कडा गोल होतात, मग अक्षर पुसट होतं, मग नाहीसं होतं. नळीवरचा मूळ निळसर-काळा मुलामा तर त्याहूनही पातळ असतो. एकोणिसाव्या शतकात तो कोळशाच्या भट्टीत किंवा मुद्दाम गंज चढवून, उकळून, घासून असा हळूहळू तयार करत. गरम क्षारांच्या द्रावणात बुडवून एका फटक्यात गडद चकचकीत काळा रंग देण्याची रीत विसाव्या शतकात रुळली. म्हणून १८८० च्या रायफलीवर एकसारखा चमकणारा गडद काळा रंग दिसला तर जाणकाराला आनंद होत नाही. कुणीतरी मूळ कातडी सोलून नवी चढवली आहे, हे त्याला कळतं.

अवस्था हाच पुरावा असतो, याचा आधुनिक काळातला सर्वांत बोलका दाखला अमेरिकेच्या नेवाडा राज्यातला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानातल्या पुरातत्त्व कर्मचाऱ्यांना एका ज्युनिपर झाडाला टेकवून ठेवलेली विंचेस्टर १८७३ दिसली. दस्त्याचं टोक मातीत काही इंच रुतलं होतं, लाकूड ऊनपावसाने राखाडी होऊन उभं तडकलं होतं, नळीवर तपकिरी गंज होता. अनुक्रमांकावरून ती १८८२ साली कारखान्यातून निघाल्याचं कळलं. या नमुन्याच्या एकूण सुमारे ७ लाख २० हजार रायफली निघाल्या, म्हणजे वस्तू म्हणून ती दुर्मिळ नव्हती. दुर्मिळ होती ती तिची अवस्था. रायफल वायोमिंगमधल्या कोडी इथल्या शस्त्र-संग्रहालयात पाठवली गेली. तिथे तिचं क्ष-किरण चित्र काढलं, तेव्हा नळी रिकामी निघाली, पण दस्त्याच्या टोकातल्या कप्प्यात एक काडतूस सापडलं. त्यावरच्या कंपनीच्या खुणेवरून ते १८८७ ते १९११ या काळातलं ठरलं. म्हणजे रायफल तिथे १८८७ च्या आधी ठेवलेली असणं शक्यच नव्हतं. या एका गोष्टीने काळाची एक हद्द पक्की झाली. आणि संग्रहालयाने तिला नवी केली नाही. सुटणारे लाकडाचे पापुद्रे चिकटवून स्थिर केले, सैल माती काढली, आणखी झीज होणार नाही एवढं पाहिलं आणि ती जशी सापडली तशीच प्रदर्शनात ठेवली. लाकूड रंधून वॉर्निश मारलं असतं, नळी काळी केली असती, तर उरली असती सात लाखांतली एक. तडकलेल्या राखाडी दस्त्यामुळेच ती एकमेव ठरली.

दुसरा दाखला आपल्या शेजारचा आहे. काठमांडूतल्या लगन सिलेखाना या जुन्या शस्त्रागारात राणा राजवटीपासूनचा हजारो बंदुकांचा साठा पडून होता. २००३ च्या सुमारास तो अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यात ब्रिटनमधल्या मार्टिनी-हेन्री होत्या, नेपाळातच बनलेल्या मार्टिनी पद्धतीच्या रायफली होत्या, आणि गेहेंद्र शमशेर यांच्या नावाने ओळखली जाणारी नेपाळी रायफलही होती. बंदुकांवर वर्षानुवर्षांचं सुकून कडक झालेलं ग्रीस आणि धूळ यांची जाड साल होती. वरून पाहणाऱ्याला तो कचरा वाटावा. पण ती साल सावकाश मऊ करून काढल्यावर अनेक नगांवर खुणा जशाच्या तशा निघाल्या, आणि त्यांत देवनागरी आकडे आणि अक्षरंही होती. कुठली रायफल ब्रिटनहून आली आणि कुठली नेपाळी कारागिराने घडवली, हे त्या खुणांनीच सांगितलं. दिसायला सर्वांत कळकट असलेल्या थराने सर्वांत मोलाची माहिती राखली होती. दोन्ही दाखल्यांतून निघतं ते एवढंच: वरून दिसणारी घाण आणि खरी झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या ओळखण्याआधी हात चालवला तर घाणीबरोबर साक्षही जाते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो बरोबरही वाटतो. गंज म्हणजे लोखंडाचा रोग. रोग तसाच ठेवायचा कसा? उत्तर असं की सगळा गंज सारखा नसतो. गडद तपकिरी, घट्ट बसलेला, हाताला न लागणारा गंज वर्षानुवर्षं आहे तसाच राहतो; तो खालच्या लोखंडाला काही प्रमाणात झाकतोही. नारिंगी, भुकटीसारखा, बोटाला रंग लावणारा, पापुद्रे सोडणारा किंवा पावसाळ्यात ज्यावर तांबूस थेंब फुटतात तो गंज मात्र जिवंत असतो आणि त्याला थांबवावंच लागतं. पण थांबवणं म्हणजे खरवडणं नव्हे. अशा गंजाच्या मुळाशी बहुतेक वेळा क्लोराइड असतं, आणि ते गंजाच्या थराखाली, लोखंडाला चिकटून बसलेलं असतं. वरचा थर कानशीने काढला की उघडं पडलेलं ताजं लोखंड त्याच क्लोराइडच्या आणि दमट हवेच्या तावडीत सापडतं आणि महिन्याभरात पुन्हा नारिंगी होतं. मग पुन्हा घासणं, पुन्हा गंज. दर वर्षी खंडेनवमीला लख्ख होणारं शस्त्र दर वर्षी थोडं बारीक होत असतं. नळीच्या आत तर मीठ बंदुकीनेच तयार केलेलं असतं: जुन्या काळ्या दारूच्या जळण्यातून पोटॅशियमचे ओलावा ओढणारे क्षार उरतात आणि जुन्या काडतुसांच्या ठिणगी-मसाल्यातून पोटॅशियम क्लोराइड. शिपायाला नळी उकळत्या पाण्याने धुवायला सांगत ते याचसाठी. नुसतं तेल लावलं तर मीठ तेलाखाली सुरक्षित राहतं आणि आतून आटे खात बसतं.

आता कुंभवलीच्या हवेकडे येऊ. नेवाडाची ती रायफल उघड्यावर शतकभर टिकली, याचं श्रेय तिथल्या कोरड्या वाळवंटी हवेला आहे. तीच रायफल नवापूर किंवा तारापूरच्या किनाऱ्याजवळ एखाद्या झाडाला टेकवून ठेवली असती तर काही पावसाळ्यांत तिची ओळख पटणं कठीण झालं असतं. स्वच्छ हवेत लोखंडाचा गंज साधारण ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर झपाट्याने वाढतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाणं हे रोजचंच. त्यात समुद्राचा खारा वारा. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास स्वतःहून पाणी ओढून विरघळतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. म्हणजे खाऱ्या वाऱ्याचे कण ज्या लोखंडावर बसले ते आपल्याला कोरडी वाटणाऱ्या हिवाळ्यातल्या दुपारीही सूक्ष्म ओलाव्याखाली असतं. तिसरी गोष्ट कारखान्यांची. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनं, औषधं, पोलाद, कापड यांचे कारखाने आहेत आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत हा पट्टा देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक भागांत अग्रक्रमाने नोंदला गेला. हवेत गंधकाचा डायऑक्साइड असेल तर तो ओलाव्यात मिसळून आम्ल होतो, लोखंडाला खातो, आणि गंज बनताना तेच आम्ल पुन्हा मोकळं होऊन पुढच्या लोखंडाकडे वळतं. थोड्या गंधकाने बरंच लोखंड खाल्लं जातं ते असं. मीठ, ओलावा आणि आम्ल हे तिन्ही एकाच ठिकाणी भेटावेत असा हा पट्टा आहे. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांत उघड्यावर पडलेल्या ओतीव लोखंडाच्या तोफांचे पापुद्रे निघताना दिसतात, त्याचंही कारण यातच सापडतं.

म्हणून इथे शस्त्र राखणं म्हणजे त्याच्याभोवती कोरडी, स्थिर हवा राखणं. लोखंडाला हवा जितकी कोरडी तितकी बरी, पण दस्त्याच्या अक्रोडाला तसं चालत नाही. फार कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि मुठीजवळच्या बारीक भागात, जिथे लोखंडी सांगाडा त्याला घट्ट धरून असतो, तिथे उभी चीर पडते. एकच वस्तू, आणि तिच्या दोन अवयवांना दोन वेगळी हवामानं हवीत. त्यामुळे ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता हा मधला मार्ग धरला जातो, आणि आकड्यापेक्षा ती सतत वरखाली न होणं अधिक महत्त्वाचं असतं. घरच्या पातळीवर याचा अर्थ सोपा आहे. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर शस्त्र टांगू नये, कारण ती भिंत आतूनही ओल धरते. चामड्याच्या खोळीत कायमचं ठेवू नये. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि त्याने धरलेला ओलावा लोखंडाला थेट लागतो. हाताळताना हातमोजे घालावेत, कारण घामात मीठ असतं आणि बोटांचे ठसे काही दिवसांत गंजाचे ठसे होऊन वर येतात. बंद पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात, त्या ठरावीक काळाने कोरड्या कराव्यात आणि शेजारी एक साधं आर्द्रतामापक ठेवावं. संग्रहालयं लोखंडावर बारीक कणांच्या शुद्ध मेणाचा पातळ थर देतात. तो रंग बदलत नाही आणि पुढे काढताही येतो. खोबरेल मात्र नको. ते कालांतराने खवट होतं आणि त्यातली मोकळी आम्लं पितळेवर हिरवी बुरशीसारखी पुटं आणतात. पितळेवर चिंच आणि चकाकीच्या पुडीचंही तेच: चिंचेचं आम्ल वरचा तपकिरी थर विरघळवतं, पुडीचे कण अक्षरं झिजवतात आणि खाचांत उरलेली पूड ओल धरून बसते.

दुसरा आक्षेप भक्तीचा आहे, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. शस्त्र ही देवघरातल्या मूर्तीसारखी पूज्य वस्तू; ती मळकट कशी पुजायची? आमच्या वाडवडिलांनी घासली म्हणून तर ती आजवर टिकली, असंही म्हटलं जातं. वाडवडील घासत होते हे खरंच आहे, आणि त्यांचं बरोबरही होतं, कारण त्यांच्या हातात ते वापरातलं हत्यार होतं. उद्या उपयोगी पडायचं तर पात्याला धार आणि नळीला स्वच्छता हवीच. वापर संपला तेव्हा त्या वस्तूचं काम बदललं. आता तिने चालायचं नाही, सांगायचं आहे. जी देखभाल चालत्या हत्याराला योग्य, तीच साक्षीदाराला घातक ठरते. आणि पूजेत घासणं हा विधीचा गाभाही नाही. शस्त्र कोरड्या सुती फडक्याने पुसावं, हळद-कुंकू त्याच्या अंगाऐवजी खालच्या पाटावर किंवा सुपारीवर वाहावं, ओली फुलं पुढ्यात ठेवावीत आणि पूजा झाली की फडकं फिरवून शस्त्र जागेवर ठेवावं. आदरात कणभरही उणेपणा येत नाही, आणि वस्तू पुढच्या पिढीच्या पूजेलाही शिल्लक राहते. जे बाजाराच्या भाषेत विचार करतात त्यांनाही हेच सांगता येईल: ज्या देशांत जुन्या बंदुकांचा खुला बाजार आहे तिथे मूळ मुलामा थोडाफार शाबूत असलेली मळकट रायफल ही नव्याने चकचकीत केलेल्या रायफलीपेक्षा कितीतरी महाग जाते. घेणाऱ्याला तिथेही खरेपणाच हवा असतो.

तिसरा आक्षेप कायद्याचा. बंदूक म्हटली की पोलीस, परवाना, चौकशी. मग जुनी बंदूक घरात ठेवायचीच कशाला? इथे नीट माहिती हवी, कारण या प्रश्नातही सगळं अवस्थेवर येऊन ठरतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ४५ नुसार जुनाट नमुन्याचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त हत्यार कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकतं. पण अट अशी की ते दुरुस्तीशिवाय किंवा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. नुसतं शंभर वर्षांचं असणं पुरत नाही. शंभर वर्षांपूर्वीची पण चालू स्थितीतली रायफल ही कायद्याच्या नजरेत बंदूकच आहे आणि तिला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, आणि वारशाने आलेल्या बंदुकाही या मर्यादेत मोजल्या जातात. म्हणून माळ्यावर, भिंतीच्या कोनाड्यात अनोळखी बंदूक सापडली तर पहिलं काम एकच: तिला हलवू नये, दांडी ओढून पाहू नये, कारण आत काडतूस असू शकतं, पोलीस ठाण्यात कळवावं आणि जाणकाराकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. ती हौसेने 'चालू' करवून घेणं तर सर्वार्थाने चूक. काळ्या दारूसाठी बनलेलं, गंजाने पोखरलेलं ते पोलाद आजच्या दारूचा दाब सोसत नाही, आणि जी वस्तू दुरुस्तीने चालू होऊ शकते ती मुळातच परवान्याच्या ओळीत असते. परवाना शक्य नसेल तर ती विकायची किंवा फेकायची नसते. रीतसर जमा करून एखाद्या संग्रहालयाच्या हाती जावी असा प्रयत्न करता येतो. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचं संरक्षण मिळू शकतं आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

राहिला चौथा आक्षेप, आणि तो सर्वांत वजनदार आहे. या बंदुका परक्या सत्तेच्या होत्या. ज्यांनी आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्या त्यांची हत्यारं जपायची कशासाठी? पालघर जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरमध्ये 'चले जाव' च्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी पालघर त्यांना वंदन करतं. तीन वर्षांनी, वारल्यांच्या उठावात, ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळ्या चालल्या. पण हा इतिहासच त्या काळच्या बंदुका राखण्याचा सर्वांत मोठा आधार आहे. अत्याचाराची साक्ष देणाऱ्या वस्तू नाहीशा झाल्या की अत्याचार झाला हे सांगणंही हळूहळू अवघड होतं. आणि चकचकीत केलेली बंदूक खोटं बोलते: ती शौर्याची शोभेची वस्तू होऊन बसते. झिजलेला दस्ता, पलटणीचा किंवा पोलीस दलाचा क्रमांक, हिंदी शिपायाला मुद्दाम दिलेल्या जुन्या नमुन्याचं साल, हे सगळं शाबूत असेल तरच ती सत्ता कशी चालत होती हे कळतं. आपल्याच माणसांच्या हाती दुय्यम हत्यार देऊन त्यांना साम्राज्यासाठी लढायला पाठवलं, हे मैवंदच्या इतिहासात वाचायला मिळतं, आणि सांगाड्यावरच्या एका सालातून ते डोळ्यांनी पाहता येतं.

या सगळ्यातून काम काय निघतं? पालघर १ ऑगस्ट २०१४ ला स्वतंत्र जिल्हा झाला. इथे जव्हारच्या मुकणे घराण्याचं संस्थान होतं, वसई मोहिमेतले किनारी किल्ले आहेत, जुनी घराणी आहेत, आणि त्यांच्याकडे शस्त्रं असणार हे उघड आहे. त्यांची नोंद होणं ही पहिली पायरी. नोंदीला फार पैसा लागत नाही: परवान्याची किंवा निकामी असल्याची कागदपत्रं तपासून, प्रत्येक शस्त्राची सर्व बाजूंनी, चांगल्या उजेडात, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रं; खुणांचे जवळून घेतलेले फोटो; कुणाकडून आली याची घरात सांगितली जाणारी हकिकत; आणि आजच्या अवस्थेचं वर्णन, कुठे चीर, कुठे जिवंत गंज. घासण्याआधी घेतलेलं एक छायाचित्र घासल्यानंतरच्या शंभर वर्णनांपेक्षा मोलाचं असतं. महाविद्यालयांचे इतिहास विभाग, दुर्गप्रेमी मंडळं, ग्रामपंचायती हे सहज करू शकतात. ज्या वस्तूंना उपचार हवेत त्यांच्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन-संवर्धनाचं स्वतंत्र केंद्र आहे. त्या कामाला तज्ज्ञच लागतो, लोहार किंवा पॉलिशवाला चालत नाही. आणि घरोघरी एक साधा नियम रुजला तर निम्मं काम होईल: या खंडेनवमीला शस्त्राला पॉलिश पेपर लागणार नाही. समुद्र आणि कारखाने जेवढं लोखंड नेतात तेवढं नेतीलच. त्यात आपल्या हातांनी भर घालायचं काही कारण नाही.